साठ पानांची थप्पी

१

एकोणीसशे त्र्याण्णव सालचा मे महिना. तारीख विसरले, वार मात्र सोमवार. बोर्ड तपासायच्या माझ्या भिंगाची काच मी दर सोमवारी स्पिरिटने पुसायची. त्या दिवशी काच पुसून होते न होते तोच मोठे साहेब आले, माझ्या टेबलावर नऊ बोर्ड ओळीने मांडले आणि म्हणाले, "हे नऊ मेले."

आमच्या कारखान्यात बोर्ड बिघडायचे नाहीत, मरायचे. तशी बोलायची पद्धतच होती.

आमचे विजेचे बोर्ड अर्धे कडक, अर्धे मऊ. दोन कडक फळ्या आणि त्यांना जोडणारी मऊ पिवळसर पट्टी. त्या पट्टीतून केसाएवढ्या तांब्याच्या वाटा एका फळीवरून दुसरीवर जायच्या. वही मिटावी तसा सबंध बोर्ड मिटायचा. हे साठ बोर्ड आम्ही दवाखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीसाठी केले होते. छातीला पट्ट्याने बांधायचं, हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र. दिवसा घालायचं, झोपताना काढून मिटून ठेवायचं. दीड महिन्यात नऊ यंत्रं मुकी झाली होती. सुदैवाने कुणाचं बरंवाईट झालं नव्हतं, अजून.

"नंबर वाचा," साहेब म्हणाले.

मी भिंगाखाली एकेक बोर्ड धरून वाचले. पाच, नऊ, सतरा, एकवीस, सत्तावीस, तेहेतीस, एकोणचाळीस, पंचेचाळीस, एक्कावन्न.

"पट्टी ओली राहिली असणार. भट्टीत नीट भाजली गेली नाही," साहेबांनी निकालच देऊन टाकला.

भट्टी म्हणजे कपाटाएवढा ओव्हन. पट्टीचं प्लास्टिक हवेतलं पाणी पितं. म्हणून कोरी पानं, म्हणजे पातळ तांबं चिकटवलेले त्या प्लास्टिकचे चौकोनी तुकडे, आधी दोन तास भट्टीत वाळवायची, मगच पुढचं काम. भट्टीवर एकच माणूस असायचं. नियमच होता, दुसऱ्याने तिथे हात लावायचा नाही. आणि ते माणूस म्हणजे माझी धाकटी जाऊ.

साहेबांनी भट्टीचं रजिस्टर मागवलं. साठ पानं वाळवली तो मार्चमधला मंगळवार शोधू लागले. सोमवार होता, बुधवार होता. मधलं पान मुळापासून फाडलेलं होतं.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "शनिवारी यंत्रवाल्या कंपनीचा माणूस चौकशी पुरी करणार. तोवर खरं कळलं तर ठीक, नाहीतर शनिवारी भट्टीवाल्या बाई घरी."

धाकटी दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२

वाचणाऱ्यापासून मी काही लपवणार नाही. त्या मंगळवारी दोन तास भट्टीवर धाकटी नव्हती. मी होते.

दात दुखतोय, डॉक्टरकडे जाऊन येते, साहेबांना कळू देऊ नका, असं म्हणून ती सकाळी दहाला मागच्या दाराने गेली होती. तिने भट्टी लावून दिली होती. वेळ भरल्यावर दिवा बदलला, तशी मी पानं बाहेर काढली, कोरड्या कपाटात ठेवली, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि खाली तिच्या नावाने सही ठोकली. माझं अक्षर मोठं आणि गोल, तिचं मुंगीएवढं. आंधळ्यालाही फरक कळला असता.

साहेबांनी रजिस्टर पाहिलं त्या सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. सासूबाई बाहेर पंख्याखाली बसल्या होत्या, म्हणून कुजबुजत बोलावं लागलं.

"पान तू फाडलंस?"

"शुक्रवारी. पहिला बोर्ड परत आल्याचं कळलं तेव्हाच."

"अगं, पण मी भाजली होती ना पानं! दिवा बदलेपर्यंत तिथून हलले नाही मी."

"माहितीये ताई. पण सही खोटी होती ना? ते अक्षर पाहिलं असतं तर दोघींनाही काढलं असतं. आता फार तर एकीला काढतील." तिने कणीक मळता मळता हातावरचं पीठ झटकलं. "तुम्ही गप्प राहायचं. शपथ आहे माझी."

दोघींचे नवरे त्या वर्षी घरी बसून होते. त्यांची गिरणी बंद पडली होती. सात तोंडं दोन पगारांवर चालत होती. मी गप्प राहिले. धाडस नव्हतं म्हणून गप्प राहिले आणि तिने शपथ घातली म्हणून गप्प आहे असं स्वतःला सांगत राहिले.

३

चौकशीचा माणूस मंगळवारी आला. किडकिडीत, पन्नाशीचा, हाफ शर्टाच्या खिशात चार पेन्सिली, चारही चावलेल्या. दुपारपर्यंत त्याचं नाव पेन्सिलकाका पडलं.

त्यांनी आधी मेलेले बोर्ड पाहिले, मग साहेबांना म्हणाले, "ओल असती तर दाबयंत्रात तापल्यावर तिची वाफ झाली असती. थर सुटले असते, फोड आले असते. इथे एक फोड दाखवा."

साहेबांना दाखवता येईना.

"तांबं तुटलंय. मऊ पट्टीच्या मधोमध, जिथे घडी पडते तिथेच."

"पण मग रजिस्टरचं पान कुणी फाडलं?"

"दोन चोर एकाच दारातून आले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, साहेब. आधी बोर्ड कुणी मारले ते बघू."

पहिली पाळी कापणीवाल्या मामांची. पानं कपाटातून काढायची, भोकं पाडायची, नंबर ठोकायचे, बाहेरच्या कडा कापायच्या, हे त्यांचं काम. तीस वर्षं तेच केलेलं, बोलायला तिखट.

"पातं नवं होतं का?" पेन्सिलकाकांनी विचारलं.

"पातं जुनं होतं आणि मीही जुना आहे. दोघांनी कधी कुणाची वाट कापली नाही."

"नंबर कसे घालता?"

"कसे म्हणजे? थप्पीतलं वरचं पान एक, त्याखालचं दोन. शाळेत शिकवतात तसे."

"आणि पान चौकोनी. उभं कोणतं, आडवं कोणतं, कसं ओळखता?"

"ओळखायचं काय त्यात? भट्टीवाल्या बाई ठेवतात तसं उचलायचं. दाराकडची बाजू ती दाराकडची बाजू." मामा हसले. "चौकोनाला कुठलं आलंय उभं-आडवं! तुम्ही फारच विचार करता बुवा."

काकांनी पेन्सिल चावली आणि काहीतरी लिहिलं.

मग आखणीवाला. तांब्याच्या वाटा कागदावर आखणारा. कमरेला सतत स्टीलची पट्टी, म्हणून त्याला सगळे पट्टीच म्हणायचे. नवीन लग्न झालेला, सारखा घाबरलेला. त्याच्यावर संशय असा की वाटा बारीक करून त्याने जागा वाचवली असावी.

"एक केससुद्धा कमी केला नाही, आईशप्पथ!"

"आईला कशाला मधे आणता? मोजू या की," काका म्हणाले. मोजलं. खरंच केससुद्धा कमी नव्हता. पट्टीने घाम पुसला. पाठीमागून मामा म्हणाले, "लग्नाच्या दिवशी एवढा घामेजला होतास का रे?"

शेवटी धाकटी.

"त्या मंगळवारी भट्टीवर तुम्हीच होतात?"

"हो."

"पूर्ण वेळ?"

"हो."

"रजिस्टरचं पान?"

धाकटी गप्प. साहेब तिच्या अंगावर खेकसले.

काका उठून माझ्या टेबलापाशी आले. माझ्यापुढे कामाची कार्डं रचलेली होती. प्रत्येक बोर्डाबरोबर एक कार्ड फिरायचं आणि धुलाईच्या खोलीतून ते दमट होऊन, कडा वळवून यायचं. त्यांनी वरचं कार्ड उचललं, वाचलं आणि जसं होतं तसंच, अगदी जपून परत ठेवलं.

"तुमचे डोळे चांगले आहेत असं सगळे म्हणतात," ते मला म्हणाले. "उद्या मला जरा उधार द्या."

४

बुधवारी त्यांनी कोठारातून शिल्लक सहा बोर्ड मागवले. पंचावन्न ते साठ. साठातले तेवढेच उरले होते. मेलेले नऊ सोडून बाकीचे लोकांच्या छातीवर.

आम्ही दोघं समोरासमोर बसलो. बोर्ड मिटायचा, उघडायचा, मिटायचा, उघडायचा. मी मोजायची. दर दहा घड्यांनंतर मीटर लावून वीज जाते का बघायची. पंचावन्न नंबर चाळिसाव्या घडीला मेला. छप्पन्न तीनशे घड्या होऊनही जिवंत. सत्तावन्न पन्नासाव्या घडीला मेला. अठ्ठावन्न जिवंत. एकोणसाठ मेला, साठ जिवंत.

"मेलेल्यांचे नंबर सोमवारी तुम्हीच वाचलेत ना? आता परत सांगा."

"पाच, नऊ, सतरा, एकवीस..." आणि माझी जीभ अडखळली. "सगळे विषम आहेत!"

"सम आकड्यातला एकही नाही. ओल काही एक सोडून एक पानाला लागत नाही. पातं एक सोडून एक पान बिघडवत नाही. आखणी तर सगळ्यांची एकच." त्यांनी मला भिंग दिलं. "आता तांब्याच्या वाटा नका बघू. कडेच्या उघड्या तांब्याचा पृष्ठभाग बघा. बारीक रेघा दिसतील."

मी वर्षानुवर्षं त्या तांब्याकडे पाहत होते. वाट तुटली का, चिरली का, एवढंच पाहायची मला शिकवण होती. रेघा पाहायच्या असतात हे ठाऊकच नव्हतं. पाहिल्या. जिवंत बोर्डात त्या वाटांच्या बरोबरीने धावत होत्या. मेलेल्यात वाटांना आडव्या छेदत होत्या.

"तांबं लाटून लाटून पातळ करतात," काका म्हणाले. "ज्या दिशेने लाटलं त्या दिशेने वाट काढली तर हजार वेळा वाकते. आडवी काढली तर थोड्याच घड्यांत मोडते. उभ्या धाग्यावर कापड बेतावं, तसंच. पानाच्या पुडक्यावर बाण छापलेला असतो, पानावर नसतो. पुडकं एकदा फोडलं की बाण गेला."

"म्हणजे निम्मी पानं आडवी फिरली?"

"एक उभं, एक आडवं, एक उभं, एक आडवं. वरून खालपर्यंत. कुणीतरी मन लावून रचलीत. निष्काळजी माणसाच्या हातून असं कधी होत नाही."

ते बोलत होते आणि माझे हात, सवयीने, समोरची वळलेली कार्डं नीट करत होते. कडा वळलेलं कार्ड दुसऱ्यावर आडवं ठेवलं की एकमेकांच्या वजनाने दोन्ही सपाट होतात. एक उभं, एक आडवं.

गुंडाळीतून कापलेली पानं भट्टीतून निघताना वळलेलीच असतात.

माझे हात जागीच थांबले.

५

शुक्रवारपर्यंत मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी पुन्हा धाकटीला गाठलं.

"मी मारलेत ते बोर्ड. मी पानं आडवी-उभी रचली. तू कशी रचतेस?"

"सगळी एकाच बाजूने. बाणाची बाजू कपाटाच्या दाराकडे."

"का?"

"का म्हणजे? आधीच्या बाई तशीच रचायच्या. त्यांनी सांगितलं, मी केलं." तिने भाजी ढवळली. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं, ताई. घाईत होते."

"दाताच्या?"

तिने पदराच्या टोकाने तोंड पुसलं.

"दाताचं खोटं होतं. मॅट्रिकचा इतिहासाचा पेपर होता. पलीकडच्याच शाळेत नंबर आला होता. बाकीचे पेपर दुपारच्या पाळीचे, साप्ताहिक सुट्टीचे, कसेबसे जमवले. तो एकच जमत नव्हता."

बारा वर्षांपूर्वी ती नापास झाली होती आणि लग्नानंतर पुन्हा बसते म्हणाली, तेव्हा आमच्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आता शिकून काय दिवे लावणार?" आणि मी, थोरली सून, हसले होते.

"मला तरी सांगायचंस."

"तुम्हीही हसला होतात," ती म्हणाली. रागाने नाही, वेळ सांगावी तशी. "आता ऐका. उद्या मी सांगणार, माझ्याच हातून झालं. तुमचा पगार तरी राहील. दोघी घरी बसलो तर पोरं काय खातील? आणि निकाल पुढच्या महिन्यात आहे. पास झाले तर मला कुठेही काम मिळेल."

"आणि नापास झालीस तर?"

तिने गॅस बंद केला. "तर नाही मिळणार."

६

शनिवारी सकाळी अकराला सगळे माझ्या टेबलाभोवती उभे होते. साहेबांच्या हातात टाईप केलेलं पत्र होतं. धाकटीचं नाव मला उलट्या बाजूनेही वाचता आलं.

पेन्सिलकाकांनी सगळं समजावून सांगितलं. रेघा, बाण, विषम आकडे. मामा आणि पट्टी सुटले. पट्टीने मोठा श्वास सोडला, मामांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"म्हणजे रचणाराच दोषी," साहेब म्हणाले. "आणि रचणं भट्टीवाल्या बाईंचं काम."

काकांनी भट्टीतून गरम पानं काढून आणवली. धाकटीपुढे ठेवली. "रचा."

तिने रचली. सगळी एका बाजूने, जणू पत्त्यांचा नवा कोरा जोड.

"समोर माणूस उभा असला की सगळेच सरळ वागतात," साहेब म्हणाले.

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी माझ्याच हातून झालं."

भट्टीचा पंखा तेवढा घुमत होता. माझ्या मनात तेव्हा पोरं नव्हती, पगार नव्हता. ती मघाशी रचलेली सरळ थप्पी होती. असं काम करणारी बाई माझ्या खोट्या सहीपायी वाईट कामाची म्हणून बाहेर जाणार होती, आणि वर मी तिला हसलेही होते.

"तिच्या हातून नाही," मी म्हणाले. "माझ्या. त्या दिवशी दोन तास भट्टीवर मी होते. सहीही मीच केली. तिने पान फाडलं ते माझं अक्षर लपवायला."

"ताई!" धाकटी ओरडली.

"तू चूप बस. घरात मी थोरली आहे."

साहेबांचा विश्वासच बसेना. "हिला वाचवायला बोलताय तुम्ही. जावा-जावा!"

काकांनी गरम पानांची ती थप्पी विस्कटली आणि माझ्यापुढे सरकवली. मी विचार केला नाही. हात चालले. एक उभं, एक आडवं. वळलेली पानं क्षणात सपाट बसली. इतकी देखणी थप्पी, की मामा नकळत "वा!" म्हणाले आणि मग त्यांनीच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"तुमची कार्डं मी पहिल्याच दिवशी पाहिली," काका मला म्हणाले. "बुधवारी पानांचा हिशोब जुळला. मी तेव्हाच बोलू शकलो असतो. पण कुणी स्वतःहून सांगितलेलं खरं आणि पकडलेलं खरं यात फरक असतो."

मग ते सगळ्यांकडे वळले. "भट्टीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा नियम का आहे?"

"धूळ लागते म्हणून," मामा म्हणाले.

"मला वाटायचं, भाजेल म्हणून," पट्टी.

साहेब हातातल्या पत्राकडे बघू लागले. त्यांनाही माहीत नव्हतं.

"पानांची दिशा एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली की हरवते, म्हणून. नियम उरला, कारण वाटेत कुठेतरी पडून गेलं. या बाईंनी कारण न कळता नियम पाळला. त्या बाईंनी कारण न कळता मोडला. दोघींना कुणी काही सांगितलंच नव्हतं." त्यांनी पेन्सिल खिशात टाकली. "साहेब, ते पत्र द्यायचंच असेल तर आधी ज्याने सांगायला हवं होतं त्याचं नाव घाला."

साहेबांनी पत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी.

७

लोकांच्या छातीवर असलेले अठरा विषम बोर्ड बारा दिवसांत परत आले. शेवटचा एका म्हातारबुवांचा. यंत्र गेलं तर ठोके थांबतील असं त्यांना वाटत होतं, म्हणून नवं बांधून झाल्याशिवाय ते जुनं सोडेनात.

धाकटीला पान फाडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. मला भिंगावरून काढलं आणि भट्टीवर तिच्या हाताखाली दिलं. साहेबांना वाटलं ही मोठी शिक्षा. घरात थोरली आणि कामावर धाकटीची मदतनीस! मामांनी वर्षभर चिडवलं, "काय थोरल्या बाई, आज मालकीणबाई रागावल्या का?"

जूनमध्ये निकाल लागला. ती पास झाली. इतिहासात अगदी काठावर. सासूबाईंना मी सांगितलं, आणि या वेळी त्यांनी काही बोलायच्या आत मीच बोलून घेतलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनी धाकटीला गॅसच्या पुस्तकात सिलिंडरची तारीख लिहून मागितली, आणि तिथून पुढे घरातला प्रत्येक कागद तिच्याकडेच जाऊ लागला.

मामा पाच वर्षांनी निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले की चौकोनाला उभं-आडवं नसतं. पट्टीने स्वतःचा छोटा धंदा काढला. आता त्याची नातवंडं घाबरट आहेत म्हणे. मोठे साहेब हृदयाच्या झटक्याने गेले. पेन्सिलकाकांचं पुढे काही कळलं नाही. पण त्यांच्या कंपनीने पुढची सोळा वर्षं बोर्ड आमच्याकडूनच करून घेतले.

धाकटी पुढे भट्टी विभागाची प्रमुख झाली. तिच्या भिंतीवर एकही नियम असा नव्हता, की ज्याखाली तिने तिच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात कारण लिहिलं नव्हतं. मी अकरा वर्षं तिच्या हाताखाली काढली. आयुष्यात कुणाचं इतकं ऐकलं नसेल.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटचे तीन आठवडे मी तिच्या उशाशी होते. एकदा नर्स मला औषधाच्या वेळा भराभर सांगून निघाली, तर पडल्या पडल्या धाकटी तिला म्हणाली, "त्यांना नुसतं सांगू नका हो. का ते सांगा. मग त्या चुकत नाहीत."